आईला घाबरवण्यासाठी काढलेला सिनेमा

माझी आई कशालाच घाबरत नाही. लोकांना याचं कौतुक वाटतं. भयपट काढायला निघालेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र ही घरातलीच अडचण होऊन बसते.

आईचं नाव कमळाबाई. महाडमधल्या एका मुलींच्या शाळेत ती एकतीस वर्षं शिपाई होती. सकाळी कुलूप उघडायची तीच आणि संध्याकाळी चौदा वर्गांच्या खिडक्या एकटीने लावून पुन्हा कुलूप घालायचीही तीच. शाळेच्या प्रयोगशाळेत हाडांचा एक सापळा होता. विज्ञानाच्या बाईसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत नसत. आई पावसाळ्यात आपली ओली छत्री त्याच्या हाताला अडकवून ठेवायची. "उभाच तर हाय तो," म्हणायची. लहानपणी मी दाराआड लपून 'भॉक' केलं की ती मागे न बघताच म्हणायची, "आधी नाक पूस." मी कॉलेजात असताना वडील गेले. त्यानंतर तर तिला घाबरायला वेळच मिळाला नाही, असं निदान मी धरून चाललो होतो.

आता माझ्याबद्दल. माझं नाव सुशांत, वय एक्केचाळीस, धंदा लग्नाचं शूटिंग. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या निम्म्या नवऱ्यामुलींना मी बोहल्यावर रडताना टिपलेलं आहे, आणि निम्म्या नवऱ्यामुलांना स्लो मोशनमध्ये चालवलेलं आहे. पण सतरा वर्षं अक्षता उडताना दाखवल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्यात काहीतरी मोठं दडलंय. मला ते तीन वर्षांपूर्वी वाटलं आणि तेव्हापासून घरात कुणाला सुख नाही. माझी बायको प्रियदर्शिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "दडलंय ना, मग दडलेलंच राहू दे."

मी भयपट निवडला त्याला कारण होतं. एका कार्यशाळेत ऐकलं होतं की भयपटाला नट लागत नाहीत, नाच लागत नाही, परदेश लागत नाही. एक बंद जागा, एक माणूस आणि अंधार एवढ्यावर काम भागतं. या तिन्ही गोष्टी आमच्या घरात फुकट होत्या. सिनेमा पुण्याच्या एका लघुपट स्पर्धेला पाठवायचा असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. मला आयुष्यात एकदा आईला घाबरवायचं होतं. परीक्षक घाबरले नसते तरी मी समजून घेतलं असतं. पण आईच्या तोंडून एक साधा 'अगो बाई' निघाला असता तर मी स्वतःला दिग्दर्शक म्हणवून घेतलं असतं. एक्केचाळिसाव्या वर्षी ही महत्त्वाकांक्षा लिहून काढताना बरं दिसत नाही, पण होती ती हीच.

पहिल्या पटकथेत महाबळेश्वरचा बंगला होता. दुसरीत आंबेनळी घाटातलं एक विश्रामगृह होतं. तिसरीत नुसती एक खोली उरली. बजेट आकसत गेलं तसं बिचारं भूतही सरकत सरकत शेवटी आमच्या घराच्या माळ्यावर येऊन पोचलं. माळा मधल्या खोलीवर आहे. बारा फूट लांब, सात फूट रुंद, वर कौलं, शिडी लावून चढायचं. मधोमध उभं राहिलं तरच माझं डोकं वाशाला लागत नाही. गल्लीकडे एक हातभर खिडकी आहे. एकवीस सालच्या पुरात आई याच माळ्यावर एक दिवस आणि एक रात्र एकटी बसून होती. ही हकिगत विचारायला लोक यायचे तेव्हा ती दोनच वाक्यांत संपवायची. "पाणी आलं. पाणी गेलं." मग चहा ठेवायची.

माळ्यावर शूटिंग करू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कर काय ते. मला मातर वर बोलवू नको. गुडघे दुखतात."

मला तर बरंच वाटलं. सेटवर आई नको, हे कुठल्याही दिग्दर्शकाला समजेल. हीच बाई रोज बुद्धविहाराच्या पायऱ्या चढून जाते, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

तांत्रिक बाजू सगळी मंगेशची. मंगेश माझा शाळेपासूनचा मित्र, पोलादपूरकडच्या गावचा, मांडव डेकोरेटर. त्याच्याकडे दिवे, वायरी, कनाती आणि एक जनरेटर आहे, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याला भुताचं काम हवं होतं. मुहूर्ताला तो आपल्या वडिलांना, महिपतीकाकांना घेऊन आला. काका नारळ घेऊनच आले होते. गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो सोडून कुणापुढे हात जोडत नाहीत. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "महिपतीभाऊ, तुमचं काय ते उंबऱ्याच्या भायेर करा. आत नाय." काकांनी ते मुकाट्याने ऐकलं आणि गटाराच्या कडेला नारळ धरून उभे राहिले.

काकांचं गाऱ्हाणं फार मनापासून असतं. "बा महाराजा," ते म्हणाले, "ही पोरं आज नव्या कामाला लागलीत. काय चुकलं माकलं तर पोटात घाल. यांच्या वायरीला शॉक देव नको. शिडीवरनं कुणी पडता कामा नये. आणि हा जो भुताचा पिक्चर हाय, त्याच्यापायी कुणालाबी भ्या वाटू देव नको!"

आम्ही सगळ्यांनी जोरात 'हो महाराजा' म्हटलं. नारळ फुटला. खोबरं वाटून झाल्यावर आमची नायिका अनुष्का, जी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, हळूच म्हणाली, "सर, हे उलटं नाही का मागितलं?"

तेवढं एक मागणं मात्र देवाने ताबडतोब मनावर घेतलं.

माझ्या सिनेमातल्या सगळ्या रात्री दुपारी दोन ते पाच या वेळातल्या आहेत. संध्याकाळी मंगेशला मांडव असायचे आणि मला हळदी. दुपारी आम्ही कौलांच्या फटी गोणपाटाने बुजवायचो, खिडकीला कनात लावायचो आणि आत रात्र करायचो. मार्चच्या दुपारी त्या रात्रीत बसलं की अनुष्काचा मेकअप हनुवटीपर्यंत खाली यायचा. त्यातही रात्र टिकली असती, पण मी पडलो लग्नवाला. लग्नात कुणाचं तोंड अंधारात गेलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा मामा दुकानात येतो. त्यामुळे माझ्या हाताला खोड आहे, दोन्ही बाजूंनी फोकस मारायची. माळ्यावर एवढा उजेड पडला की अंधारात चाचपडणाऱ्या अनुष्काच्या मागे ट्रंकेवरचं माझ्या वडिलांचं नावसुद्धा वाचता येत होतं. ती घाबरून मागे वळणार, त्या नेमक्या क्षणी मी सवयीने ओरडलो, "हनुवटी जरा वर, आणि स्माइल!" आणि ती गुणी मुलगी हसली. संकलन करताना दोन दृश्यांच्या मधून गुलाबाच्या पाकळ्या उडाल्या, कारण माझ्या कॉम्प्युटरला दुसरं काही येतच नाही.

भुताच्या कपड्यांवरून तर घरात रणच माजलं. मंगेशला पांढरी साडी हवी होती. मी आईच्या कपाटातली काढली. ती तिने शिडीच्या खालीच माझ्या हातातून काढून घेतली.

"ही कुणाला?"

"भुताला."

"पांढरं नेसून आम्ही जयंतीला जातो, विहारात जातो. गावच्या सगळ्या बाया पांढऱ्यात असतात तवा कुणी पळून जातं का? भुताला पांढरं कुणी दिलं रे?"

साडी कपाटात परत गेली. शेवटी मंगेशने आपल्या गोदामातलं मखमली मरून कापड गुंडाळलं. त्याला सोनेरी झालर होती. हे भूत शिडीवरून वर आलं की कुणाला तरी हार घालायला आल्यासारखं वाटायचं.

झालेलं काम मी आईला दाखवायचो. ती जमिनीवर बसून बिरडं सोलायची. मोड आलेल्या वालाची सालं काढायला डोळे लागत नाहीत, त्यामुळे डोळे माझ्या वाट्याला यायचे. पहिल्या दिवशी भूत आलं तशी ती म्हणाली, "मंगेशच्या हातात घड्याळ हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ही झालर शेठच्या पोरीच्या लग्नातली ना?" तिसऱ्या दिवशी भुताने अनुष्काचा गळा धरला तेव्हा ती भिंतीला टेकून गाढ झोपली होती. वाटीतलं बिरडं सोलून झालं होतं, म्हणजे झोपेतही तिने माझ्या सिनेमापेक्षा वालाला जास्त वेळ दिला होता.

मी खचलो. हे सगळ्यांनी बघावं म्हणून मी दोन दिवस जेवताना गप्प बसलो. कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी अनुष्का खालच्या खोलीत किंचाळायचा सराव करत होती आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"किंचाळतेस कशापायी गो?"

"आजी, मला भीती वाटतेय ना."

"मग गप ऱ्हा. भ्या वाटलं की माणूस गप ऱ्हातो. किंचाळलीस तर खालच्याला कळंल ना तू कुठं हायस ते."

अनुष्का तिथेच खाली बसली. मीही. आई पदराला हात पुसत सांगत गेली. एकटी बाई वर बसली की ती आधी कामं काढते. एकच गोधडी घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते. तांब्यात पाणी किती उरलं ते बोट घालून बघते, वाकून नाही, कारण वाकलं तर फळी करकरते. कुठली फळी वाजते ते तिला तासाभरात पाठ होतं. कौलाच्या फटीत बोट घालून बसते, भायेरचा वारा लागला की बरं वाटतं. आणि सारखी शिडीकडे बघत नाही. एकदा बघते, मग बघायचंच नाही असं ठरवते.

मी वही आणली आणि भराभर लिहून घेतलं. वर 'आईच्या सूचना' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. ही बाई हे सगळं कुठे शिकली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो असा, की ही पुढच्या सिनेमाला सहदिग्दर्शक म्हणून फुकट येईल का.

सिनेमा मात्र बदलला. भूत मी काढूनच टाकलं. मंगेश चार दिवस बोलत नव्हता. त्याने गावच्या सगळ्या भावकीला भुताचं काम मिळालंय म्हणून सांगून ठेवलं होतं. फोकस गेले, एक चार्जिंगचा दिवा उरला. अनुष्का गोधडी घडी करत बसली आणि काय सांगू, पहिल्यांदाच भीतीने बघवेना. खाली घरात काहीतरी वावरतंय आणि वर एक बाई एकटी बसली आहे, बस्, एवढंच. पण शेवट सापडत नव्हता. खाली आहे ते काय करणार?

तो शेवट रुसलेल्या मंगेशनेच दिला. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "आमच्या गावात एकटं असताना कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नायत. तीन हाका होऊ देतात. माणूस असला तर तीनदा मारतो. दुसरं काय असलं तर दोनदाच."

मी चहा तसाच ठेवून घरी पळालो. ठरलं. बाईचा मुलगा परगावी आहे. ती माळ्यावर आहे. खालून मुलाच्या आवाजात हाक येते, "आई." ती बोटं मोजते. दुसरी येते. तिसरीही येते, म्हणजे आता ओ द्यायला हवी, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग चौथी. आणि पडद्यावर अंधार. हे मी आईला सांगितलं नाही. या वेळी तिला बेसावध गाठायचं होतं. मुलाचा आवाज नंतर एखाद्या चांगल्या नटाकडून घ्यायचा म्हणून तूर्त कामचलाऊ माझाच टाकला. बाथरूममध्ये तोंडापुढे प्लास्टिकची बादली धरून मी चार वेळा 'आई' म्हटलं. प्रियदर्शिनीने दार वाजवून विचारलं, बरं वाटतंय ना?

रविवारी दुपारी आईला बसवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला प्रियदर्शिनी, मध्ये बिरड्याचं पातेलं. सिनेमा तेरा मिनिटांचा. नऊ मिनिटं आई सोलत होती, पण बोलत नव्हती, हेच केवढं होतं. एकही चूक काढली नाही. मग पहिली हाक आली.

तिचा हात थांबला. मी पडदा सोडून तिच्या हाताकडे बघत होतो. दुसऱ्या हाकेला बोटातला वाल तसाच राहिला. मी प्रियदर्शिनीला मागून बोट लावलं, बघ म्हणून. तिसऱ्या हाकेला आईने तोंडावर पालथा हात दाबून धरला. चौथीला ती उठली. पातेलं कलंडलं, बिरडं खोलीभर गेलं.

आणि मी, हे लिहिताना लाज वाटते, मी मूठ आवळून मोठ्याने "येस!" म्हणालो.

आई मधल्या खोलीत गेली होती. मी मागोमाग गेलो, अभिनंदन स्वीकारायला. ती शिडीपाशी उभी होती, एक हात शिडीवर. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं.

"तू आला व्हतास?" तिने विचारलं.

"कुठे?"

"तवा. पान्यात. तूच हाक मारलीस?"

"नाही गं," मी म्हणालो. "तो माझा आवाज आहे. आत्ताचा. बादलीतला."

"ते कळलं मला," ती म्हणाली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. मग तिने सांगितलं, खाली जमिनीकडे बघत, पूर सांगायची तशी दोन वाक्यांत नाही.

पाणी दाराच्या वरच्या चौकटीला लागत आलं होतं. संध्याकाळचा सुमार होता. ती माळ्यावर गोधडी घडी करत बसली होती. आणि बाहेरून हाक आली, "आई." पाण्याच्या आवाजात आवाज कुणाचा ते नीट कळत नव्हतं, आणि अंधारून आल्याने खिडकीतून काही दिसत नव्हतं. तिला वाटलं, मीच. सुशांत आला. ओ दिली तर पोर आत येणार. पोहता येत नसतानाही दारातून आत शिरणार, आणि या पाण्यात आत आलेलं माणूस बाहेर जात नाही. म्हणून ती गप्प बसली. गोधडीचं टोक तोंडात धरून बसली. दुसरी हाक आली, तिसरी आली, चौथी आली.

"मला वाटलं, ओ नाय दिली तर समजंल, आई नाय घरात. जाईल दुसरीकडं," ती म्हणाली. "मग हाक बंद झाली."

"मग?"

"मग काय. बंद झाली. तू गेलास का बुडालास, ते कुठं कळत व्हतं? रातभर तेच. दुसऱ्या दिसाला दुपारी तू आलास तवर तेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो होतो, चिखलातून, कॅमेऱ्याची बॅग डोक्यावर धरून. मला बघितल्याबरोबर तिने फाडकन माझ्या कानाखाली मारली होती. ही गोष्ट मी तीन वर्षं लोकांना विनोद म्हणून सांगत आलोय, की बघा, बाकीच्यांच्या आया गळ्यात पडून रडल्या आणि आमची कशी आहे.

"मग तो कोण होता?" प्रियदर्शिनीने दारातून विचारलं.

"पलीकडच्या गल्लीतला. पत्र्यावर बसून त्याच्या आईला हाका मारीत व्हता. दोघंबी वाचली. मला महिन्यानं कळलं. आज तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, तूबी व्हतास का काय."

"आई, तू मला कधी बोलली नाहीस हे."

"काय बोलायचं? तू आलाच नव्हतास. ते आणि तुझ्या तोंडावर कशाला सांगू?"

मी आलो नव्हतो, हे खरंच होतं. मी रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत होतो, मुंबईच्या एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग करायला गेलेला. रस्ते बंद होते, हेही खरं. पण त्या संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगितलं की महाड पाण्याखाली गेलंय. आम्ही पत्ते खेळत होतो. तुमचं घर कुठे, असं त्या मुलीने मला विचारलं. नदीकडे, मी म्हणालो, आईच आहे घरी, बायको माहेरी आहे. तिने हातातले पत्ते खाली ठेवले. तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आमची आई कशाला घाबरते!" सगळे हसले. मी पुढचा डाव वाटला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि झोपलो. चांगली झोप लागली. आई घाबरत नाही, हे मला इतकी वर्षं इतकं आवडत का होतं, ते मला त्या रविवारी कळलं. ती घाबरत नसली की मला कुठे जावं लागत नव्हतं.

हे मी तिला सांगितलं. पत्त्यांसकट सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तोवर प्रियदर्शिनी खाली बसून बिरडं गोळा करत होती. आई म्हणाली, "भाकरी तरी गरम व्हती का?" मला रडायला आलं. ती म्हणाली, "रडतोस काय? आला असतास तर बुडला असतास. तुला पोहायला कुठं येतं?"

संध्याकाळी मी तिला म्हणालो की तो शेवट काढून टाकतो. स्पर्धेलाही पाठवत नाही.

"काढू नको," ती म्हणाली. "बाकी पिक्चर बरा हाय. पण त्या बाईला ओ देऊ दे."

मी मंगेशला विचारलं. तो म्हणाला, "ओ दिली तर मग भ्या कसलं? पिक्चर भुताचा राहतच नाय." बरोबरच होतं त्याचं. अनुष्काला फोन केला तर तिची परीक्षा सुरू झाली होती. म्हटलं, बाईचा चेहरा अंधारातच आहे, आवाज कुणाचाही चालेल.

"मीच देते," आई म्हणाली. "ओ तर म्हणायचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली शांत झाल्यावर ती शिडीपाशी आली. पदर खोचला, वर बघितलं, आणि चढली. पुरानंतर पहिल्यांदा. मी मागून हात धरून होतो, तो तिने झटकला. वर गेल्यावर फळी करकरली, मग गोधडी ओढल्याचा आवाज आला. मी खाली रेकॉर्डर सुरू केला. तिला इशारा म्हणून हाक मलाच मारायची होती. तिला सगळं नीट समजावलं होतं. मी चार हाका मारणार, मध्ये मोजून पाच पाच सेकंद थांबणार, आणि चौथीनंतर तिने ओ द्यायची.

मी पहिली हाक मारली. "आई."

"ओ!" ती वरून लगेच म्हणाली. "हाय रे मी, वर हाय. तू आत येव नको, मीच खाली येते."

मी सांगायला तोंड उघडलं की अजून तीन हाका आहेत. पण ती उतरायला लागली होती. मी रेकॉर्डर जमिनीवर ठेवला आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.